मंडळीला शोभेल असं आजारी कसं पडावं
(नवशिक्यांसाठी, बीड जिल्हा आवृत्ती)

आजारी कोणीही पडतं, त्यात कौशल्य काही नाही. पण ख्रिस्ती माणसाने, त्यातही बीड जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसाने, अचानक आणि गंभीर आजारी पडायचं म्हणजे तयारी लागते. खाटेभोवती जमणारी मंडळी तुमची तब्येत बघून घेतात, पण खरं बघायचं असतं ते तुमचा विश्वास कसा दिसतोय ते. तो सलाईनखालीसुद्धा चांगला दिसला पाहिजे. आमच्याकडे चर्च लहान, बाकं मोजकी, त्यामुळे तुमच्यासारखा रुग्ण रोज मिळत नाही. मंडळीला निराश करू नका. पुढच्या पायऱ्या क्रमाने पाळा.

१. आजार नीट निवडा.

बीपी, शुगर, गुडघे यांना मंडळीत कोणी विचारत नाही. ते सगळ्यांनाच आहेत, पाळकसाहेबांना तर तिन्ही. हार्ट अटॅकला वजन आहे, पण लोक लगेच तुमच्या तंबाखूवर घसरतात. नवशिक्याने जीबीएस घ्यावा, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम. या रविवारी तुम्ही चर्चची बाकं उचलत असता आणि पुढच्या रविवारी पायातली चप्पल कधी गळाली ते कळत नाही. मधे कधीतरी जुलाब होऊन गेलेले असतात. एक ते चार आठवडे उलटलेले असतात, तुम्ही विसरलेले असता. पण जंतूंशी लढायला निघालेली शरीराची फौज रस्ता चुकते आणि आपल्याच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडायला लागते. मुंग्या तळपायातून सुरू होतात आणि वर चढतात. यात व्यसन नाही, चमचमीत खाणं नाही, वडिलांकडून आलेलं काही नाही. पापाचा माग काढायला येणाऱ्यांची पंचाईत होते. (ते हार मानत नाहीत. पायरी ६ पाहा.)

शिवाय या आजाराला आता प्रतिष्ठा आहे. २०२५ च्या जानेवारीत तो पुण्यात पसरला. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी अशा भागांत मिळून दोनशेच्या वर रुग्ण निघाले आणि बोट गेलं ते दूषित पाण्याकडे. आपल्याला त्यासाठी पुण्याला जायचं कारण नाही. बीडमध्ये फक्त आधी नळाला पाणी यावं लागतं.

२. वेळ साधा.

दिवाळीनंतर पडू नका. ऊसतोडीची उचल घेतलेली असते, कोयते कारखान्याला गेलेले असतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात. गावात म्हातारी माणसं, शेळ्या आणि पाळकसाहेब एवढेच उरतात. यांच्यापैकी कोणालाही तुम्हाला जिन्यावरून खाली आणता येत नाही. नाताळात पडणं टाळता आलं नाही तर निदान नाटकात तुमच्याकडे कोणतं काम आहे ते बघा. मेंढपाळ असाल तर चालून जाईल. हेरोद असाल तर बदली हेरोद आधी बघून ठेवा.

३. कुठे हलवायचं यावर मत देऊ नका.

ते तुमचं काम नाही. ते नातेवाइकांचं आहे आणि ते मनापासून करतात.

जिल्ह्याचा नकाशा समजून घ्या. आष्टीचा माणूस नगर सोडून दुसरीकडे बरा होत नाही. गेवराईचा संभाजीनगरलाच जातो, घाटीत. परळीकडचा लातूरचं नाव काढतो. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, ग्रामीण भागातलं आशियातलं पहिलं अशी त्याची ख्याती, तेव्हा अंबाजोगाईकर म्हणतात, “कामून हिंडता गावोगाव? एसआरटी हाय की!” त्यात ख्रिस्ती घराची भर. आपल्या नात्यागोत्याचे धागे एक तर नगरकडे जातात, जिथे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून आहे, नाहीतर जालन्याकडे, जिथे नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं. म्हणून नगरचे मामा म्हणणार नगर. जालन्याच्या आत्या म्हणणार मिशन हॉस्पिटल, त्यांची तिन्ही बाळंतपणं तिथेच झाली. तुम्हाला बाळंतपण नाही हे आत्यांना कोणी सांगू नये. मामांकडे आता नवा मुद्दाही आहे: १७ सप्टेंबर २०२५ पासून बीडहून नगरला रेल्वे जाते. मामा स्वतः अजून तिच्यात बसलेले नाहीत, पण रुग्णाला बसवायला तयार आहेत.

हे चालू असताना शांत पडून राहा. चेहऱ्यावर प्रभूवर भरवसा टाकल्याचा भाव ठेवा. मुंग्या गुडघ्यापर्यंत येईस्तोवर वाद मिटला तर उत्तम. कमरेपर्यंत आल्या तर बोटं चालतात तोवर गुपचूप १०८ लावा. या आजारात चार-पाचांतल्या एकाचा श्वास व्हेंटिलेटरवर जातो, आणि औषध पहिल्या दोन आठवड्यांत मिळालं तर जास्त उपयोगी पडतं. मामा आणि आत्या यांच्यातला वाद याहून जुना आहे, तो नंतरही मिटवता येईल.

४. तपासणीला हसून सामोरं जा.

डॉक्टर गुडघ्यावर रबरी हातोडी मारतील. पाय उडायला हवा. तो उडणार नाही. डॉक्टर परत मारतील. इथे ओशाळून स्वतः पाय उचलून दाखवायचा मोह होतो, मराठी माणसाला पाहुण्याला नाही म्हणवत नाही. उचलू नका. तसाही तो उचलणार नाही.

मग पाठीतलं पाणी काढायचं निघेल. सगळं खानदान एका आवाजात म्हणेल की पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो. त्यांना आठवण करून द्या की तुम्ही तो भाग आधीच उरकलेला आहे.

५. प्रार्थनेचा निरोप स्वतः लिहा.

दुसऱ्याला लिहू दिला तर काय होतं ते ऐका. संध्याकाळी महिला मंडळाच्या ग्रुपवर ‘जीबीएस झाला, प्रार्थना करा’ असं पडतं. रात्री तरुण संघात ते ‘जीएसटी लागला’ असं पोहोचतं. पहाटे केजहून फोन येतो की दुकान नसताना जीएसटी कसा काय लागला, ओळखीचा सीए आहे. दुपारपर्यंत दुसऱ्या एका ग्रुपवर तुम्ही प्रभूत झोपी गेलेले असता आणि त्याखाली हात जोडल्याची चित्रं एकामागून एक येतात. वाईट वाटून घेऊ नका, आयुष्यात इतकं कौतुक पुन्हा मिळणार नाही. वाचून घ्या. कोणी काहीच लिहिलं नाही तेही बघून ठेवा.

६. भेटायला येणाऱ्यांना हाताळणं.

हा अभ्यासक्रमाचा गाभा आहे. इथेच बहुतेक नवशिके नापास होतात.

शास्त्रात याचं प्रात्यक्षिक दिलेलं आहे. ईयोबाचं सगळं संकट, म्हणजे जनावरं, मुलंबाळं आणि अंगभर गळवं, दोन अध्यायांत आटोपतं. भेटायला आलेल्या मित्रांचं बोलणं आणि त्यावर ईयोबाची उत्तरं मात्र तीसच्या आसपास अध्याय चालतात. गंमत म्हणजे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर गप्प बसून होते. त्या आठवड्याचे त्यांना पैकीच्या पैकी गुण. मग त्यांना वाटलं आता काहीतरी बोलायला पाहिजे.

तुमच्याकडेही बोलतील. त्यांचे प्रकार ओळखा.

पहिला, माग काढणारा. “कामून झालं असंल दादा? आठवून बघा. कोणाचं मन दुखावलं का? दशमांश राहिला का?” याला विरोध करू नका, वही द्या. त्याच्याच समोर नावं लिहायला घ्या आणि पहिलं नाव त्याचं लिहा.

दुसरा, योजनावाला. यात प्रभूची काहीतरी योजना आहे म्हणतो. त्याला नम्रपणे विचारा, महात्मा फुले योजनेत बसतं का? वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत मिळतं, आरोग्यमित्राच्या टेबलावर कोणी बसायला पाहिजे, तुम्ही बसता का?

तिसरा, चंगाई सभेतून परतलेला. विश्वास धरा आणि उठा, असं तो मोठ्याने म्हणतो. शेजारच्या खाटेवरचा अपेंडिक्सवाला दचकतो. त्याला सांगा, उठतो, पण आधी एमआरआयपर्यंत खाट ढकला.

चौथा सगळ्यात अवघड, कारण त्याने खरोखर बायबल वाचलेलं असतं. तो आसा राजाचे पाय काढतो: पायाला रोग झाला तेव्हा राजा परमेश्वराकडे न जाता वैद्यांकडे गेला, आणि काय झालं? यासाठी उत्तरं पाठ हवीत. लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय म्हणतो. तीमथ्याच्या पोटासाठी पौलाने सभा भरवली नाही, थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. (हे उत्तर वापरताना आसपास कोण आहे ते बघा, काहींचं पोट लगेच बिघडतं.) आणि त्रफिम आजारी पडला तेव्हा त्याला मिलेतात ठेवून पौल पुढच्या गावाला गेला. त्रफिमचा विश्वास कमी पडला असं तो कुठेही लिहीत नाही. स्वतःच्या दुखण्यासाठी पौलाने तीनदा मागणं केलं, ते मान्य झालं नाही, आणि तरी त्याला कोणी मंडळीतून काढलं नाही.

एवढ्याने थांबला नाही तर ईयोबाचा शेवट सांगा. त्यात देव तक्रार करणाऱ्या रुग्णाच्या बाजूने उभा राहतो आणि उपदेश करणाऱ्या मित्रांना दंड लावतो, सात बैल आणि सात मेंढे. आजच्या बाजारभावाने हिशेब करून दाखवा. सीताफळाची पिशवी तिथेच ठेवून पाहुणा उठतो. (सीताफळ लगेच खाऊ नका. ते आपलंच, बालाघाटातलं, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. पण गिळायला त्रास होत असताना बी घशात अडकलं तर मानांकनाचा उपयोग होत नाही.)

पाचवाही असतो. तो येतो, स्टुलावर बसतो, तुमच्या पायावर चादर ओढतो आणि अर्धा तास काही बोलत नाही. त्याच्यासाठी सूचना लागत नाहीत. तो पुन्हा कधी येणार तेवढं विचारून ठेवा.

वैद्यकीय चर्चा लांबलीच तर एक जालीम उपाय. १९१६ मध्ये हा आजार फ्रेंच सैनिकांत तिघा डॉक्टरांनी मिळून नोंदवला. नावात दोघेच राहिले. तिसरा कोण, असं विचारा. खोलीत शांतता पसरते. (आंद्रे स्ट्रोल. कोणालाच सांगू नका.)

७. अंगारा, पाणी आणि तेल.

ज्या जिल्ह्यात देवच वैद्यांचा नाथ आहे तिथे तुमच्या आजारपणाकडे परळीचं लक्ष जाणारच. शेजारची माऊली वैजनाथाचा अंगारा घेऊन येईल. अंबाजोगाईची मावशी योगेश्वरीचं कुंकू पाठवेल. मुलाचा मित्र शहेनशाहवली दर्ग्यातून फुंकर घातलेलं पाणी आणेल. इकडे याकोबाच्या पत्राप्रमाणे वडीलजन तेल घेऊन दारात उभे असतात.

सिद्धांत शिकवायला बसू नका. त्या माऊलीने उपाशीपोटी परळीच्या पायऱ्या चढलेल्या आहेत. पुडी उशीखाली राहू द्या. पाळकसाहेब उशी उचलून बघत नाहीत, आणि बघितलीच तर त्यांच्याकडेही तिच्याच म्हशीचं दूध जातं.

८. चार माणसं मिळवा.

कफर्णहूमच्या पक्षाघाती माणसाची गोष्ट तुम्ही संडे स्कूलमध्ये रंगवलेली आहे. गर्दीमुळे दारातून जाता येईना, म्हणून चौघांनी छप्पर उसकटलं आणि बाजेसकट त्याला खाली सोडलं. आता तुमचेच पाय गेले आहेत तर ती गोष्ट पुन्हा वाचा. छपराचा खर्च कोणी दिला हे मार्क लिहीत नाही. तो रुग्ण सबंध गोष्टीत एक अक्षर बोलत नाही, हेही लक्षात येईल. आणि येशूने कोणाचा विश्वास पाहिला? त्यांचा. म्हणजे उचलून आणणाऱ्यांचा. बाजेवरच्या माणसाच्या विश्वासाची वेगळी तपासणी झाल्याची नोंद नाही. ज्या रात्री तुम्हाला प्रार्थना सुचत नाही, नुसती भीती वाटते आणि छातीवर कोणी बसल्यासारखं होतं, त्या रात्री ही नोंद नसणं फार कामाला येतं. हे पाहुण्यांसमोर बोलू नका, त्यांचं काम कमी होईल.

कामाची वाटणी अशी करा. एक जण रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्रामागे. दुसरा मेडिकलच्या रांगेत. तिसरा रात्री खाटेखाली चटईवर, तुमचा श्वास मोजत. त्याला घोरायची सवय नसावी. चौथा दारात, पायरी ६ मधल्या पहिल्या चार प्रकारांना चहाला नेण्यासाठी. चहाचे पैसे त्याला आधी द्या.

मेडिकलवाल्या माणसाला धीर द्या, कारण त्याला इम्युनोग्लोब्युलिनची बाटली आणायची आहे. साठ किलोच्या माणसाला पाच दिवसांत मिळून ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या लागतात आणि एकेकीची किंमत ऐकून त्याला स्टूल लागेल. ही बाटली हजारो अनोळखी माणसांच्या रक्तद्रवातून तयार होते. त्यात कोणाचं रक्त, कुठल्या जातीचं, असं काही नातेवाईक विचारतील. दुसऱ्याच्या रक्ताने वाचणं ही कल्पना निदान ख्रिस्ती माणसाला नवी नसावी.

बिलाच्या दिवशी मार्क आणि लूक शेजारी ठेवून वाचा. बारा वर्षं आजारी असलेल्या बाईबद्दल मार्क सरळ सांगतो की अनेक वैद्यांच्या हातून तिचे हाल झाले, होतं नव्हतं ते संपलं आणि दुखणं उलट वाढलं. लूकही तीच गोष्ट सांगतो, पण हाल आणि वाढलेलं दुखणं गाळतो. डॉक्टर डॉक्टरला सांभाळून घेणारच.

९. देवाशी सौदा करायचा तर आकडा विचारपूर्वक सांगा.

सगळेच करतात, लाजू नका. हिज्कीया राजा भिंतीकडे तोंड करून रडला आणि त्याला पंधरा वर्षं मिळाली, वर अंजिराचं पोटीस बांधायची सूचना. म्हणजे चमत्कार आणि औषध एकाच चिठ्ठीवर. आपल्याकडचं उदाहरण याहून काटकसरी आहे. पंडिता रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करत होत्या. शेवटचं आजारपण आलं तेव्हा प्रुफं राहिली होती. त्यांनी देवाकडे फक्त दहा दिवस मागितले, असं सांगतात. प्रुफं संपली आणि ५ एप्रिल १९२२ ला केडगावच्या मुक्तीत त्या गेल्या. ज्याने मराठी मजकुराची प्रुफं तपासली आहेत त्याला यातला खरा विश्वास दहा दिवस या आकड्यात दिसेल.

१०. शेवटच्या इच्छा.

पाहुणे खोलीतल्या खोलीत तुमची उंची डोळ्यांनी मोजू लागले की हा विषय काढा. ख्रिस्ती माणसाचं दफनच होतं असं धरून ते चाललेले असतात. त्यांना सांगा की रेव्हरंड ना. वा. टिळक ९ मे १९१९ ला गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झालं. चर्चा तुमच्यावरून टिळकांवर जाते, तेवढीच विश्रांती. अपुरी कामं बायकोवर सोपवायची असतील तर जपून: टिळकांचं अर्धवट ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिलं आणि त्यात टिळकांच्या अध्यायांपेक्षा बाईंचे अध्याय कितीतरी जास्त भरले. बाईंनी संसाराच्या आठवणी लिहिल्या नसत्या तर टिळक फार गंभीर माणूस म्हणून राहिले असते. तुमच्याही बायकोला सगळं आठवतंय.

११. बरं होताना घाई करू नका.

मज्जातंतू पुन्हा वाढतात ते दिवसाला साधारण मिलिमीटरभर. नगर-बीड-परळी रेल्वेमार्ग वाढला तसेच. मंजुरी गेल्या शतकात, गाडी या शतकात, आणि तरी लोक रुळाकडे बघून म्हणायचे, होईल. फिजिओथेरपीवाली पोरगी रोज विचारेल, “काका, अंगठा हलवा.” पहिल्यांदा हलेल तेव्हा वॉर्डात टाळ्या वाजतील. अंगठ्याने इतकी प्रशंसा आधी फक्त निवडणुकीत आणि रेशनच्या मशीनवर मिळवलेली असते.

बहुतेक जण पुन्हा चालतात. काही वॉकर घेऊन, काही वर्षभराने, आणि काहींच्या पायात कायमची मुंगी राहते. काही चालत नाहीत, त्यांच्या विश्वासाचं माप काढायला पुन्हा वही घेऊन कोणी आलं तर पायरी ६.

१२. साक्ष द्या.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी पुढे बोलावतील. उभं राहायला सांगतील, बसून द्या. तीन मिनिटांत आटपा, मागे लहान मुलं पेंगत असतात. मंडळीला जे ऐकायचं आहे त्याचा साचा ठरलेला आहे: डॉक्टरांनी हात टेकले, मग प्रार्थना झाली, मग सगळं पालटलं. तुमच्या डॉक्टरांनी हात टेकलेले नव्हते, ते रात्री दोनलाही येऊन श्वास बघत होते. हे सांगितलं तर साक्ष थोडी फिकी होईल. सांगा. सिस्टरचं, मावशीचं, चटईवरच्या माणसाचं आणि माऊलीच्या पुडीचंही सांगा. पुडीच्या वेळी पाळकसाहेब खोकतील.

उपासना संपली की दोघं-तिघं कोपऱ्यात गाठतील. हळूच सांगतील की रात्री त्यांच्याही पायाला मुंग्या येतात, तुम्ही कोणतं वचन वाचत होता? वचन सांगा. मग विचारा, जुलाब कधी झाले होते? मुंग्या वर चढतायत का? घरची टाकी शेवटची कधी धुतली? टाकीचा विषय निघाला की माणूस खाली बघतो. वर चढत असतील तर आजच, आत्ताच पाठवा. नसतील तर ओपीडीला जायला सांगा, पण सोमवारी नको, सोमवारी फार गर्दी असते. मंगळवारी सकाळी लवकर. सोबत रेशनकार्ड, आधारची झेरॉक्स आणि अंथरायला चटई.